मिस्त्री, तुम्ही बॅटरी माझ्या हातात दिलीत

नमस्कार मिस्त्री,

परवा गुरुवारी बाबांचं डायलिसिस आटोपायला रात्रीचे नऊ वाजले. कराडातून निघालो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की वायपर पुरा पडेना. बाबा मागच्या सीटवर आडवे झाले आणि घर येईपर्यंत गाढ झोपले. ते गाडीत झोपलेले मी दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिले. आधीच्या गाडीत ते इंजिनाचा आवाज ऐकत टक्क जागे बसायचे. जरा कुठे खरखरलं की विचारायचे, "जाईल ना गं घरापर्यंत?" त्या रात्री अंगणात गाडी लावली, त्यांना उठवून आत नेलं, आणि मग ओट्यावर बसून मला रडूच आलं. ही गाडी बघायला, पारखायला तुम्ही सोबत आलात, त्याचे आभार मानायचे राहून गेलेत, हे तेव्हा ध्यानात आलं.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

आधीच्या गाडीचं तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांना सांगते. 2022 साली बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, गावापासून कराड तीस किलोमीटर, परतीच्या वेळेला एसटी नाही. पतपेढीचं कर्ज काढून मी जुनी गाडी घेतली, नात्यातल्याच एका 'जाणकार' माणसाला सोबत नेऊन. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होते, गाडी आरशासारखी चकाकत होती. सहा महिन्यांत ती निळा धूर सोडायला लागली. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढली, तर तीन वर्षांपूर्वीच तिने एक लाख दहा हजार ओलांडलेले होते. मीटर मागे फिरवलेला. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं होतं, तेवढं पाहिलं असतं तरी शंका आली असती. आमच्या जाणकारांनी ते पाहिलं नाही. त्यांनी विकणाऱ्याकडूनही दलाली घेतली होती, हे मला वर्षभराने कळलं. ते आजही लग्नाकार्यात भेटतात आणि "गाडी काय म्हणतेय?" असं विचारतात. माझ्या आजारी बापाच्या नावावर त्यांनी पैसे खाल्ले. हे मी त्यांना तोंडावर बोलले नाही, आज लिहून टाकते.

ती गाडी मल्हारपेठच्या अलीकडे बंद पडली त्या रात्री तुम्ही गॅरेजचं शटर ओढत होतात. तरी आलात. दोरी लावून गाडी नेलीत, आम्हाला घरी सोडलंत, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून म्हणालात, "बाई, हिच्यावर आता पैसं घालू नका." त्या दुरुस्तीत तुम्हाला चाळीसएक हजारांचं काम सहज मिळालं असतं.

पुढची गाडी बघायला मी तुम्हाला घेऊन गेले. पांढरी, 2018 ची, एमएच-08, म्हणजे रत्नागिरीची. एकच मालक, किंमत तीन लाख साठ हजार. विकणारा तासभर माझ्या चुलतभावाशी बोलत होता. भाऊ एकोणीस वर्षांचा, त्याच्याकडे लायसनही नाही. इंजिन, मायलेज, इन्शुरन्स, सगळं त्याला. मला काय, तर "ताई, तुम्ही रंग पसंत आहे का तेवढं सांगा." मी शाळेत विज्ञान शिकवते, गाडी मी चालवणार होते, हप्ते मी भरणार होते. पण दोन वर्षं प्रत्येक गाडीवाल्याकडे हेच झालेलं होतं, त्यामुळे मीही एका बाजूला उभी राहायला शिकले होते.

तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलंत, वाकून आत पाहिलंत, मग मागे वळून भावाला ओलांडून माझ्यापर्यंत आलात आणि हातातली उजेडाची बॅटरी, म्हणजे टॉर्च, माझ्या हातात दिलीत. "बाई, तुम्ही बघा. पट्टा पार शेवटपातुर वढा."

मी सीटबेल्ट ओढला. पहिले दोन हात पट्टा स्वच्छ, काळा. मग आडवी फिकट तपकिरी रेघ. त्याच्या पुढे पट्ट्याच्या विणीत वाळलेला गाळ बसलेला, गव्हाच्या पिठाइतका बारीक. बोट फिरवलं तर बोटाला लागला. "आता वास घ्या," म्हणालात. गाडीत सुगंधाच्या दोन डब्या लटकत होत्या, पण पट्टा नाकाशी नेल्यावर त्याखालून भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा वास आला. मग सीटखाली उजेड पाडायला सांगितलंत. सीट ज्या पट्टीवरून सरकते ती पट्टी गंजाने लाल. डिकीतली स्टेपनी काढली तर तिच्याखालीही तोच गाळ.

एवढं होईपर्यंत तुम्ही स्वतः एक शब्द बोलला नाहीत. मी विचारलं, "पाण्यात होती का?" तुम्ही म्हणालात, "तुम्हीच सांगा की." मी सांगितलं. विकणाऱ्याच्या तोंडावर, माझ्या तोंडाने सांगितलं.

मिस्त्री, तुम्ही "गाडी घेऊ नका" एवढं म्हणाला असतात तरी माझे पैसे वाचले असते. पण मग ते तुमच्या शब्दावर वाचले असते, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा कुणाच्या तरी शब्दावर उभी राहिले असते. त्या बॅटरीचा बुडखा ग्रीसने चिकट झाला होता. देण्याआधी तुम्ही तो पँटला पुसलात, तेही मी पाहिलं. शिकलेली, कमावती बाई असूनही त्या दोन वर्षांत मला कुणी इतका मान दिला नव्हता.

परत येताना तुम्ही चिपळूणचं सांगितलंत. 22 जुलै 2021 ला वासिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तुम्ही कुंभार्ली घाट उतरून आठ दिवस तिकडे गाड्या धुवायला, उघडायला गेला होतात. तो वास तेव्हापासून नाकात बसलाय, म्हणालात. ही गाडी तिथलीच असेल असंही तुम्ही ठासून म्हणाला नाहीत. "पाणी कुठलं ते गाडी सांगत नाही, पाणी हुतं एवढंच सांगती." आणि पुरातल्या गाड्यांबद्दल तुमच्या मनात राग नव्हता. सांगून, किंमत कमी करून विकली तर त्यात काही पाप नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. लपवून विकणं वेगळं. वायरिंगच्या जोडांमध्ये ओल राहते, तांबं हिरवं पडतं, आणि सहा-आठ महिने नीट चाललेली गाडी एक दिवस भर रस्त्यात मुकी होते. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्सही बहुतेक गाड्यांत खालीच, गिअरच्या दांड्यापाशी असतो. तो भिजलेला असेल तर ऐन वेळी काय होईल, याची कल्पना विकणाऱ्याला नव्हती असं मी मानत नाही.

त्या दिवसाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "न घेतलेल्या गाडीचं कसलं पैसं?"

आत्ताची वॅगनआर दीड महिन्याने मिळाली. कराडच्याच एका निवृत्त कारकुनांची, 2017 ची. तुम्ही आदल्या रात्री त्यांना फोन करून सांगितलंत, सकाळी गाडी कुणी चालू करू नका. गेल्यावर मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होता, म्हणजे दोष झाकायला गाडी आधीच तापवून ठेवलेली नव्हती. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे ते कधी उघडून पुन्हा बसवलेले नव्हते. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात ते मी वाचले: 2317, म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, सात वर्षांचे, बदलायला झालेले. डावं दार पुन्हा रंगवलेलं होतं, तर मी विचारायच्या आत काकाच म्हणाले, "फाटकाला घासलं होतं हो." अशा माणसाकडून गाडी घ्यायला किती हलकं वाटतं! क्लच वर्षभरात बदलावा लागेल हे तुम्ही दोघांसमोर सांगितलंत, टायरांचे पैसे वजा झाले, आणि तीन लाख दहा हजारांवर व्यवहार ठरला. कागदांचं सगळं इथे लिहीत नाही. एवढंच की आरसीवर बँकेचं कर्ज शिल्लक आहे का आणि दंडाची चलनं थकली आहेत का, हे पैसे देण्याआधी तुम्ही माझ्याच फोनवर मला बघायला लावलंत.

बाबांच्या आजारपणात मला माणसं ओळखता यायला लागली. डायलिसिसच्या सिस्टर सुई टोचायच्या आधी बाबांना नावाने हाक मारतात. आमच्या एसटीचे एक कंडक्टर, बाबा नीट बसेपर्यंत, घंटी मारत नसत, मागून लोक ओरडले तरी. यांतल्या कुणालाच त्यात काही वेगळं केल्यासारखं वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नसणार. तुमच्यासारख्यांच्या जिवावर आमचे हे दिवस निघाले आहेत.

बाबा तुम्हाला 'आपले मिस्त्री' म्हणतात. तुम्ही गाडीवाले आहात की डॉक्टर, असा प्रश्न शेजारच्या काकूंना पडावा इतक्या वेळा तुमचं नाव घरात निघतं.

रविवारी ऑइल बदलायला गाडी आणते. आई भाकरी आणि खर्डा देणार आहे, तेव्हा डबा आणू नका. आणि मिस्त्री, तुमच्या बॅटरीचं बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं, तेव्हाच ती लागते. मी नवी घेतली आहे, तीही आणते. नाही म्हणू नका.

तुमची,
पाटणच्या बाई