बाबांकडे गुंड्याभाऊला पाठवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. परवा पुस्तक परत करताना तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही, गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहिते आहे, कारण फोंड्याकडच्या एका लहान वाचनालयात बसून तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

गेल्या श्रावणात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तीस वर्षं देवळाच्या उत्सवात मराठी नाटकं गाजवलेला माणूस. स्वतःचाच आवाज ओळखू येईना, तसे ते बोलायचेच बंद झाले. मी तुमच्याकडे त्यांच्यासाठी एखादी पोथी मागायला आले होते. तुम्ही विचारलंत, "नाटकात कसली कामं करायचे?" मी म्हटलं, विनोदी. चिं. वि. जोशींच्या विनोदी गोष्टींतला चिमणराव, पुण्याचा तो भित्रा कारकून, आपल्या कपाटात नव्हता. चार दिवसांनी तुम्ही तो पणजीहून, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून, स्वतःच्या कार्डावर आणलात आणि भर पावसात आमच्या घरी पोचवलात.

पहिले दोन दिवस मी वाचायची आणि बाबा भिंतीकडे बघत पडायचे. तिसऱ्या दिवशी गोष्टीत गुंड्याभाऊ आला, चिमणरावाचा नात्यातला भाऊ. मी भराभर पुढे चालले होते, तेवढ्यात बाबांचा डावा हात वर झाला. "थांब." महिन्याभरातला पहिला स्पष्ट शब्द. मग, "परत." हशा कुठे यायचा ते त्यांना दिसत होतं आणि मी नेमकं तेच वाक्य खात होते. त्या दिवसापासून त्यांनी माझी तालीमच सुरू केली. कुठे दम घ्यायचा, चिमणरावाचा भित्रेपणा आवाजात कसा आणायचा, सगळं एकेका शब्दात आणि डाव्या हाताच्या खुणांनी.

आई मात्र हसत नव्हती. भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा सुरी खाली ठेवून म्हणाली, "खूळ गुंड्याभाऊचं, मागे धावणार चिमणराव, आणि त्याच्या बायकोला, काऊला, कुणी विचारलं?" बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. नाटकाच्या तालमी, रात्री-बेरात्री जेवायला येणारी मंडळी, हे सगळं तिनेच निस्तरलं होतं. "तुला... नाही... विचारलं," ते म्हणाले. मग आई हसली, डोळे पुसत. बाई, हे बोलणं आमच्या घरात चाळीस वर्षं झालं नव्हतं.

संध्याकाळी उंडे, म्हणजे पाव, घेऊन येणारा पदेर, आमचा पाववाला, सायकल टेकवून दारात उभा राहायचा. आम्ही घरात कोंकणीच बोलतो, वाचणं तेवढं मराठीत. त्यामुळे पुण्याच्या कारकुनाची ही गोष्ट त्याला कोंकणीत सांगायचं काम बाबांनी अंगावर घेतलं, अडखळत, पण स्वतःहून. ऐकून तो म्हणाला, "म्हाकाय असोच एक भाव आसा!" म्हणजे, मलाही असाच एक भाऊ आहे!

लेखक बडोद्याला पालीचे, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या भाषेचे, प्राध्यापक होते, जातकातल्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या, गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या, हे तुम्ही मला सांगितलंत. मी ते बाबांना सांगितलं. ते विचार करत राहिले आणि म्हणाले, "म्हणून... कुणाचा राग येत नाही." मला ते पटलं. 1930च्या दशकातलं ते कुटुंब एवढं विक्षिप्त, तरी त्यातल्या कुणालाच लेखकाने घालवून दिलेलं नाही.

तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. येत्या रविवारी बाबा स्वतः वाचनालयात येणार आहेत. दारातल्या दोन पायऱ्या आम्ही धरून चढवू. पुढचा भाग मिळाला तर ठेवून द्या. आणि या खेपेला कार्ड त्यांच्याच नावाचं करायचं आहे. सही डाव्या हाताने करतील, सराव चालू आहे.

तुमची कृतज्ञ,
एका उत्सवी नटाची मुलगी