गाडी पाण्यात गेली होती, हे आरसीवर दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन महिने आम्ही घरासाठी जुनी गाडी शोधतोय आणि त्यात जे बघितलं ते तुमच्या पेपरमधून लोकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा, कारण माझ्यासारखे कितीतरी जण दर रविवारी बाणेर-वाकडला हायवेच्या कडेच्या यार्डात गाड्या बघत फिरत असतात आणि जपून ठेवलेली पुंजी एका टेस्ट ड्राइव्हवर लावतात.

आमची व्हॅगनआर २००७ची. २०२२ मध्ये १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षं वाढवून घेतली होती. त्या गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही, तिने आमच्यासाठी खूप केलंय, पण आता ती थकलीये. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली घसरू नये म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी अडकवलेली असते, पावसात मागच्या मॅटखाली पाणी साचतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी भोरहून येताना कात्रजच्या चढाला क्लच प्लेट जळाली, मागे आई बसलेली, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि टोइंगवाला येईपर्यंत दीड तास आम्ही कडेला उभे. त्या रात्री घरात ठरलं की आता बास.

नवीनच घ्यावी असंही बोलणं झालं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, पण मुलीचं शेवटचं वर्ष, तिची फी, त्यामुळे साडेचार, फार तर पावणेपाच लाख ही आमची मर्यादा. डिझेल सुरुवातीलाच बाद केलं, रोज आठ-दहा किलोमीटर सिग्नलला थांबत चालवली की बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो असं ज्याला त्याला विचारलं तो सांगत होता. मुलगी म्हणत होती की एप्रिल २०२३ नंतरची बघूया, त्या ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरूनच बनवल्यात, पण त्या बजेटच्या बाहेर जात होत्या. म्हणून २०२० ची बीएस-६ पेट्रोल हॅचबॅक असं पक्कं केलं.

आणि तशी एक मिळालीसुद्धा. एमएच-१२, फर्स्ट ओनर, ३८ हजार किलोमीटर, पांढरी, आतून एकदम चकाचक, किंमत चार लाख पंच्याऐंशी, थोडं कमी करू म्हणाले. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, माहिती बघितली तर इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू, लोन नाही, चलान नाही. बायकोला आवडली, आईला चढता-उतरताना त्रास झाला नाही, मी टोकन द्यायला पाकीट काढलं होतं. तरी मन म्हणालं एकदा पर्वतीच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना आणू, त्यांना बावीस वर्षांचा अनुभव आहे आणि आमची गाडी त्यांच्याच हाताखाली असते.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. आत बसले, ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला, अगदी संपेपर्यंत, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मला बोट ठेवून दाखवलं. वरचा पट्टा काळाभोर आणि खाली एका सरळ रेघेपासून मातकट. मग सीट पुढे सरकवून रूळ दाखवले, नट गंजलेले. डिकीतलं स्टेपनी काढलं, त्याच्या खाचेत हात घातला तर बोटांवर बारीक राखाडी गाळ, वाळलेला, पिठासारखा. मला म्हणाले, "दादा, ही पाण्यात होती, सीटच्या वरपर्यंत. आज चालेल, वर्षभर पण चालेल, मग वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडायला लागतील आणि एअरबॅगचं मॉड्यूल खाली कन्सोलपाशी असतं, ते वेळेला उघडेल का नाही कोण सांगणार." हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या सीटवर माझी मुलगी बसणार होती.

मग इन्शुरन्सची कॉपी मागितली. ही गोष्ट मला माहीत नव्हती म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. गाडी २०२० च्या शेवटी घेतलेली, मालक एकच, म्हणजे आता तिथे ५० पाहिजे होते. होते २०. म्हणजे २०२४च्या पॉलिसीला बोनस शून्यावर आला होता, त्याच्या आधीच्या वर्षात क्लेम झालाय. हे समोर ठेवल्यावर यार्डवाला म्हणाला, "हो सर, पार्किंगमध्ये थोडं पाणी आलं होतं, पण सगळं कंपनीतून करून घेतलंय." म्हणजे माहिती होती. मी तिथे तासभर उभा होतो, तीनदा विचारलं होतं गाडीला काही झालंय का, आणि तीनही वेळा नाही म्हणाला होता.

पुण्यात हे आता नवीन राहिलेलं नाही. मी सहकारनगरला राहतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सकाळी अरण्येश्वरच्या बाजूला गाड्या एकमेकींवर चढलेल्या मी बघितल्यात. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांची पार्किंग बुडाली. त्या गाड्या कुठेतरी गेल्याच असणार ना. २०१९ला आमच्या शेजाऱ्यांची गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला, त्यांना पैसे मिळाले, क्रेन येऊन गाडी घेऊन गेली, विषय संपला असं त्यांना वाटलं. दीड वर्षाने त्यांच्या मोबाइलवर सोलापूरकडचं ई-चलान आलं. गाडी चालू झाली होती, विकली गेली होती, आणि नाव अजून त्यांचंच. मोटार वाहन कायद्याच्या ५५ कलमात आहे की गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, पण हे त्यांना ना विमा कंपनीने सांगितलं ना नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरने.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुठल्या गाडीवर क्लेम झालाय हे विमा कंपन्यांना माहीत असतंच, बोनस खरा आहे का हे त्या एकमेकींकडून तपासून घेतातच. आणि ॲपवर इन्शुरन्सची तारीख आम्हाला दिसतेच. मग त्याच पानावर आणखी एक ओळ का नको, की या गाडीवर पाण्याचा किंवा टोटल लॉसचा क्लेम झालाय, अमुक वर्षी. मालकाचं नाव नको, रक्कम नको, फक्त हो किंवा नाही. ज्याला तरी घ्यायची असेल तो कमी किमतीत, माहिती असून घेईल. माझ्याबरोबर बावीस वर्षांच्या अनुभवाचे काका होते म्हणून मी वाचलो, प्रत्येकाकडे असा माणूस नसतो. पुण्याच्या आमदार-खासदारांनी हा विषय परिवहन खात्याकडे आणि विमा नियामकाकडे न्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आम्ही अजून शोधतोय, व्हॅगनआरला नवीन क्लच प्लेट टाकलीये. परवा त्या पांढऱ्या गाडीची जाहिरात पुन्हा दिसली. किंमत पंधरा हजारांनी उतरवलीये, सीट कव्हर नवीन, आणि खाली लिहिलंय, फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, फॅमिली यूज्ड.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे