मोजणीच्या प्रश्नांनाही जागा द्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील ‘पी’ (संगणकाने झटपट सुटणारे प्रश्न) आणि ‘एनपी’ (ज्यांचे उत्तर हाती आल्यास ते झटपट तपासता येते असे प्रश्न) या वर्गांवरील लेख वाचला. लेख नेटका आहे. मात्र ‘उत्तर आहे की नाही’ या प्रश्नापाशीच तो थांबतो. ‘उत्तरे किती आहेत’ हा प्रश्न वेगळा असून पुष्कळदा अधिक अवघड असतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी धरता येतील, असे विचारले आहे. उत्तर ३६,२८,८०० असून ते साध्या गुणाकाराने मिळते. आता अमुक आयुध अमुक हातांतच चालेल अशी बंधने घाला आणि हात व आयुधे वाढवत न्या. एखादी मांडणी शक्य आहे का, हे संगणक तरीही झटपट सांगतो. परंतु अशा मांडण्या एकूण किती, हे मोजणे ‘शार्प-पी’ या, म्हणजे ‘एनपी’ प्रश्नांची उत्तरे किती असे विचारणाऱ्या, वर्गातील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी आहे, असे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले.

या काठिण्याची प्रतवारी तर्कशास्त्राच्या भाषेत करता येते, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड फेगिन यांनी १९७४ मध्ये ‘एनपी’ वर्गाचे वर्णन संगणकयंत्राचा उल्लेखही न करता, निव्वळ तार्किक सूत्रांच्या स्वरूपावरून केले होते. त्याच वाटेने सलुजा, सुब्रह्मण्यम आणि ठाकूर यांनी १९९५ च्या शोधनिबंधात मोजणीचे प्रश्न सूत्रांत ‘कोणतातरी’ आणि ‘प्रत्येक’ कोणत्या क्रमाने येतात यावरून पायऱ्यांत मांडले. समजा, अनेक हो-नाही निवडी करायच्या आहेत आणि ‘अमुक निवड हो’ किंवा ‘अमुक निवड नाही’ अशा तीन-तीन अटींचे बरेच गट दिले आहेत. ‘कोणत्यातरी एका गटातील तिन्ही अटी पाळाव्यात’ अशी मागणी असेल, तर योग्य निवडींची नेमकी संख्या काढणे कठीणच, पण यादृच्छिक नमुने घेऊन हवे तितके जवळचे उत्तर वाजवी वेळात मिळते. मागणी ‘प्रत्येक गटातील किमान एक अट पाळावी’ अशी केली, की ही सोयही हातची जाते (‘एनपी’तील सर्वांत कठीण प्रश्न यादृच्छिक पद्धतींनी झटपट सुटत नाहीत, हे गृहीत धरून).

पुण्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांची संख्या मोठी असून त्यांतील कित्येक जण आपली पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी या विषयावर एखादी लेखमाला मराठीत द्यावी, आणि तीत सूत्रे गाळू नयेत, ही विनंती.

— एक निवृत्त गणित-शिक्षिका, कोथरूड, पुणे