परदेशातल्या जंगलाचा सातबारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हापासून आमच्या ओळखीतली तरुण मंडळी परदेशी पर्यावरण संस्थांच्या लिंका एकमेकांना पाठवताना दिसतात. ‘अ‍ॅमेझॉनचे एक एकर जंगल वाचवा’, ‘तुमच्या नावाने दहा झाडे’, नाहीतर महिन्याला अमुक डॉलर कार्डावरून आपोआप. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण गंगापूर रोडला चार गुंठे घ्यायचे तर सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट सगळे मागणारी माणसे पेरू नाहीतर इक्वाडोरमधल्या एकराचे पैसे मात्र एका हिरव्यागार फोटोवर देऊन मोकळी होतात, याचे नवल वाटते. माझी उभी नोकरी पतसंस्था आणि ट्रस्टांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पहिला प्रश्न, संस्था नोंदलेली कुठे? इंग्लंड-वेल्समधली असेल तर तिथल्या चॅरिटी कमिशनची नोंदवही इंटरनेटवर फुकट उघडते. क्रमांक टाकला की विश्वस्तांची नावे आणि गेल्या काही वर्षांचे जमाखर्च समोर येतात. आर्थिक वर्ष संपल्यावर दहा महिन्यांत कागद दाखल करावे लागतात. उशीर झाला तर तसे तिथेच लिहिलेले दिसते. अमेरिकन संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था, म्हणवत असेल तर तिचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेले वार्षिक विवरणपत्र, पाहायला मागण्याचा हक्क कोणालाही आहे, आणि प्रोपब्लिका या तिथल्या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर तो बहुधा न मागता सापडतो. मात्र वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतच जमा असणाऱ्या छोट्या संस्थेने नुसती पोस्टकार्डवजा सूचना दिली तरी चालते. त्यात हिशेब नसतोच. जर्मनीत तर सर्वच धर्मादाय संस्थांनी हिशेब जाहीर करावेत अशी सक्ती नाही. त्यामुळे हिशेब सापडला नाही म्हणजे लगेच लबाडी, असे समजू नये. इंग्लंडमधल्या मोठ्या संस्थेचा सापडला नाही, तर मात्र खिशातला हात खिशातच ठेवावा.

आता खरी मेख. ‘शंभरातले नव्वद थेट कामावर’ या वाक्यावर लोक फार भुलतात. मी तो आकडा सगळ्यात शेवटी पाहतो. अमेरिकन हिशेबपद्धतीत देणगी मागणाऱ्या पत्रकात थोडे पर्यावरण-प्रबोधन घातले आणि काही अटी पाळल्या, तर त्या पत्रकाच्या खर्चाचा एक भाग ‘कार्यक्रम खर्च’, म्हणजे थेट कामावरचा खर्च, म्हणून दाखवता येतो. कायदेशीर आहे, लपवलेलेही नाही. फॉर्म ९९० मधल्या खर्चाच्या तक्त्यात तळाशी या संयुक्त खर्चाची वेगळी ओळ असते. ती ओळ कोण वाचतो? त्याच फॉर्मच्या जी परिशिष्टात, देणग्या गोळा करायला बाहेरची कंपनी नेमली असेल तर तिने किती जमवले आणि किती स्वतःकडे ठेवले, हेही येते. उलट, ऑफिसचा खर्च अगदीच नगण्य दाखवणाऱ्या संस्थेबद्दल मला जास्त शंका येते. जंगलावर नजर ठेवायला माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो.

ब्रिटिश हिशेबात मी आधी शेवटी जोडलेल्या टिपा उघडतो. ठरावीक कामासाठीच आलेला निधी वेगळा दाखवलेला असतो. वर्षाअखेर त्यात किती शिल्लक राहिली ते पाहावे. एकराच्या नावाने पैसे घेतले आणि ते सर्वसाधारण निधीत गेले असतील तर आपला एकर फक्त जाहिरातीत आहे. देणगीच्या आवाहनाखालची बारीक अक्षरेही वाचावीत. ‘उद्दिष्ट पूर्ण झाल्यास जादा रक्कम अन्य कामांसाठी वापरू’ असे तिथे पुष्कळदा असते, आणि तसे असायला माझी हरकत नाही, फक्त देणाऱ्याला ते ठाऊक हवे. पुढची टीप अनुदानांची. परदेशी संस्था पुष्कळदा स्वतः जमीन घेत नाही, तिथल्या स्थानिक संस्थेला पैसे देते. मग सातबारा कोणाच्या नावावर? स्थानिक संस्था बंद पडली तर जमिनीचे काय होणार? त्या जंगलात आधीपासून राहणाऱ्या लोकांना विचारले होते का? हे ईमेलने सरळ विचारावे. उत्तरादाखल फोटोंचा ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’ आला तर तो हिशेब नव्हे. शेवटी, विश्वस्तांच्या स्वतःच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप. आमच्या पतसंस्थांतही घोळ बहुधा तिथेच सापडायचा.

झाडांच्या आकड्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको. राज्यातल्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली होती. लावली किती हे सगळेच सांगतात. तीन वर्षांनी जगली किती, मोजली कोणी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली का, हे सांगणारी संस्था विरळा.

कराचे थोडक्यात सांगतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची वजावट मिळत नाही, तिथली पावती इथे चालत नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, म्हणून प्रश्नच उरत नाही. नावावर जाऊ नये. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया हा निसर्गसंवर्धनाचे काम करणारा, १९६९ पासूनचा भारतातला स्वतंत्र ट्रस्ट आहे, त्याला दिलेले पैसे आणि त्याच नावाच्या परदेशी संस्थेच्या खात्यावर पाठवलेले पैसे वेगळे. आणि एफसीआरएचा इथे संबंध नाही. तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशासाठी आहे. आपण बँकेतून बाहेर पाठवतो तो पैसा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली, व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जातो.

आपल्याकडे एक विनंती. पर्यावरण पुरवणीत एखाद्या संस्थेचे देणगीचे आवाहन छापताना त्याखाली नोंदणीचा देश, नोंदणी क्रमांक आणि शेवटचा दाखल हिशेब कोणत्या वर्षाचा, एवढी एक ओळ द्यावी. गोदावरीच्या नावाने निधी मागणाऱ्या इथल्या संस्थांनाही तोच नियम लावावा, क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडचा. तो छापला गेला की बाकीचे वाचक आपले आपण शोधतील.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
इंदिरानगर, नाशिक