वह्या द्याव्यात, पण मुलांना रांगेत उभे करून नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शिक्षण मोफत असावे, असे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने १९४८ सालीच म्हटले आहे. पण शुल्क माफ झाले तरी वह्या, कंपासपेटी आणि दप्तर यांचा खर्च बहुतेक ठिकाणी घरावरच पडतो. ज्या घराला तो झेपत नाही, तेथील मूल वर्गात बसूनही मागे राहते. भूमितीच्या तासाला हे स्पष्ट दिसते. लंबदुभाजक काढायचा असताना ज्याच्याकडे कंपास नाही, ते मूल शेजाऱ्याची आकृती पूर्ण होईपर्यंत थांबते, तोवर शिक्षक पुढच्या उदाहरणाकडे वळलेले असतात, आणि असे वारंवार घडले की आपल्याला गणितच जमत नाही, अशी त्याची समजूत होते. पाने पुरावीत म्हणून एकाच वहीत सगळे विषय कोंबणाऱ्या मुलाला तर गबाळेपणाबद्दल बोलणीही खावी लागतात.

म्हणूनच दान म्हणून मिळालेल्या साहित्याचे मोल मोठे आहे; मात्र ते कसे दिले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते. व्यासपीठावर नाव पुकारून, दात्याचे नाव छापलेले दप्तर हाती देऊन छायाचित्र काढले, की त्या मुलाची गरिबी वर्षभर त्याच्या पाठीवर मिरवत राहते. शाळेतील शिस्तसुद्धा मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, असे १९८९ च्या बालहक्क कराराचे कलम २८ सांगते आणि कलम १६ मुलाच्या खासगीपणाला व सन्मानाला संरक्षण देते. मदतीला याहून सैल नियम का असावा?

त्यापेक्षा साहित्य शिक्षकांच्या स्वाधीन करावे आणि शक्य असेल तेथे संपूर्ण वर्गाला सारखेच द्यावे. देण्यापूर्वी एकरेघी, दुरेघी की चौकटीची वही लागते, हे शाळेला विचारावे. (अर्ध्या वापरलेल्या वह्या आणि वाळलेले स्केचपेन देणे म्हणजे घरातली अडगळ काढणे होय.) शिवाय वह्या सत्राच्या मध्यावर संपतात, पेन्सिली त्याआधीच, तेव्हा सगळी मदत वर्षारंभीच उरकून न टाकता काही भाग नंतरसाठी राखून ठेवावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. साहित्यवाटपाच्या बातमीसोबत मुलांची छायाचित्रे छापू नयेत. दात्याचे नाव आणि दिलेल्या साहित्याचा तपशील एवढे पुरेसे आहे.

आपला,
एक वाचक