रेवाचा गाल

औलू, फिनलंड, १८ जानेवारी

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर आपलं 'बाकी काय?', 'बाकी तूच सांग' एवढ्यावरच संपतं, म्हणून शेवटी कागद घेतला. तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू, वैशालीची पाठ बरी. झालं.

आता मुद्द्याचं. परवा सकाळी उणे वीस होतं. रेवा एकटीच सायकलनं शाळेत जाते. इथं सात वर्षांची पोरंही एकटी जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. सायकलवाट चांगली असते, सकाळीच बर्फ लोटून वर बारीक खडी टाकतात. परवा मला त्याच बाजूला काम होतं म्हणून बरोबर निघालो. फाटकापाशी दिव्याखाली ती टाटा करायला वळली, तर डाव्या गालावर रुपयाएवढा पांढराफटक डाग. दुखतंय का विचारलं, तर म्हणे, "मघाशी दुखत होतं. आता छान वाटतंय."

ते 'छान'च वाईट रे. झोंबतंय तोवर गाल शुद्धीवर असतो; बधिर झाला की ज्याचा गाल त्यालाच पत्ता नसतो. हातमोजा काढून तळवा नुसता धरून ठेवला. चोळायचं नसतं, बर्फानं तर मुळीच नाही. हळूहळू लाली आली आणि मग कार्टी रडायला लागली, कारण आता दुखायला लागलं होतं. मला इतकं बरं वाटलं! आता डागबिग काही नाही.

पण माझं डोकं तिथंच अडकलंय. आपला गाल आपल्याला दिसत नाही, दुसऱ्यानंच बघून सांगावा लागतो. शाळेत मैत्रिणी सांगतील, पण वाटेवर? जानेवारीत इथं सूर्य दहाच्या सुमारास उगवतो. अंधारात एकट्या पोरीच्या तोंडाकडे कोण बघणार?

वैशालीचं म्हणणं सरळ आहे, गाडीनं सोडा. मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तिला धड सांगता येत नाही. तुला सांगायला नको. कादव्याच्या पुलावरून सहाच्या क्लासला जायचो आपण. शर्टाच्या आत जुना पेपर, तोंडाला रुमाल. आपण म्हणजे मी! तू कॅरिअरवर माझ्या पाठीआड, दोन्ही हात माझ्या स्वेटरच्या खिशात. "येताना मी चालवतो" म्हणायचास, आणि येताना चांगलं ऊन पडलेलं असायचं. तू कितीही नाही म्हण, मी हे विसरणार नाही.

पुलावरचा तो वारा निम्मा आपणच तयार करत होतो. वाऱ्यामुळं थंडी किती जास्त लागते त्याचा तक्ता असतो, तो बघ: उणे वीस तापमान आणि ताशी २० किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला उणे तीस. वारा पडलेला असला तरी सायकलवाला तो स्वतःच निर्माण करतो. हा तक्ता बसवायला २००१ साली टोरांटोत बारा माणसांना गार हवेच्या बोगद्यात चालवलं होतं, तोंडावर तापमापक चिकटवून. कारण बाकी अंग झाकलेलं, उघडा राहतो तो चेहरा. तू त्यात असतास तर तेराव्याच्या मागं लपला असतास.

तुझा व्हॅसलिनचा सल्ला पोचला. दहावीपासून तेच सांगतोयस. फिनलंडच्या सैन्यातल्या पोरांचा अभ्यास झालाय. तोंडाला मलम चोपडणाऱ्यांनाच हिमदंश जास्त. मलमानं ऊब आल्यासारखं नुसतं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. खोबरेलाचं नाव काढू नकोस, ते बाटलीतच दगड होतं.

खरी अडचण चष्म्याची आहे. नाकावर मफलर ओढला की श्वास वर जातो, काच धुरकटते, मग तिथंच गोठते. काही दिसत नाही म्हणून ती मफलर खाली ओढते आणि गाल उघडा पडतो. त्यात सुती मफलर श्वासानं ओला होऊन पुठ्ठ्यासारखा कडक होतो. आता पातळ लोकरीचा गळपट्टा आणलाय, नळीसारखा. गालांवर घट्ट, नाकाखाली थोडा सैल, म्हणजे श्वास खाली जातो. ओला झाला तर खिशात दुसरा कोरडा. चष्म्यावरून घालायचा बर्फातला गॉगलही आणला; तो घालून ती आरशासमोर अर्धा तास नाचली आणि शाळेत मात्र नेत नाही. सध्या शेजारची आयनो बरोबर जाते. वाटेत प्रत्येक दिव्याखाली थांबून एकमेकींची तोंडं बघायची, असं ठरलंय. ठरलंय खरं, पण थांबतात का, देव जाणे. मी खिडकीतून पहिल्या दिव्यापर्यंतच बघू शकतो.

तुझं काय? वाटणीची तारीख पडली का? कुंदेवाडीचा पारा उतरल्याचं वाचलं. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्यास ना? मणी तडकले नाहीत ना? बंटीचं लग्न ठरलं तर आधी मला कळव, तिकिटं महाग होतात.

आणि एक काम. माईंनी पाठवलेली माकडटोपी उबदार आहे, पण गोंड्यामुळं हेल्मेट डोक्यावर बसत नाही, आणि गोंडा कापायला रेवा तयार नाही. पातळ लोकरीची एक विणून हवी. डोक्याचा घेर ५३ सेंटिमीटर, कान आणि गाल पूर्ण झाकलेले, तोंडापाशी फट. गोंडा नको, हे माईंना तू सांग. माझी हिंमत नाही.

तुझा,
पम्या