लाल चावी शोधायला लावणाऱ्या काकाजींस

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव आणि दुकानाचा नेमका पत्ता कुठे लिहू नका, असे आपण बजावले होते, म्हणून ते दोन्ही या पत्रात नाही. नागपुरात महाल भागात गांधी गेटच्या परिसरात चाव्या करून घ्यायला येणाऱ्यांपैकी काहींना आपण कोण ते ओळखू येईलच, त्याला माझा इलाज नाही. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात मी सांगितलेले चावीचे काम काही न विचारता करायला आपण नकार दिलात, आणि आभार मानायचे आहेत ते त्या नकाराचे. समोर येऊन मानायला गेलो की आपण चहा मागवता आणि विषय बदलता.

घडले ते थोडक्यात सांगतो, कारण वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही. वर्धा रोडवरील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे मला यामाहाची 998 सीसीची, चार सिलिंडरची, बाहेरून आयात झालेली मोटारसायकल दिसली. कॉलेजात असताना असल्या गाडीचे चित्र वहीच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवणाऱ्या माणसाला चाळिशी ओलांडल्यावर ती आवाक्यातल्या किमतीत समोर उभी दिसली, तर त्याची अक्कल कितपत ठिकाणावर राहते हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. किंमत कमी का, असे मी विचारले, तेव्हा विक्रेत्याने काळ्या डोक्याची, पाते घासून गुळगुळीत झालेली एकच चावी माझ्या हातात ठेवली आणि "दुसरी चावी तेवढी नाही, पण डुप्लिकेट कुठेही पाचशे रुपयांत होते" असे सांगितले. मी पाच हजारांचा विसार दिला आणि ती चावी मागून घेऊन थेट आपल्याकडे आलो.

आपण चावी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून तिचे डोके उन्हात फिरवून पाहिले आणि विचारलेत, "पहिले गाडी कोनाची हाये ते सांगा, मंग चाबीचं पाहू." मला तेव्हा राग आला होता, हे आज कबूल करतो. चावी करून देणाऱ्याने चौकशा कशाला कराव्यात, असे माझ्या मनात आले. मी आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली, तर तिच्यावरचे नाव माझेही नव्हते आणि विक्रेत्याचेही नव्हते. आपण झेरॉक्स घडी करून मला परत दिलीत, चावी तिच्यावर ठेवलीत आणि उद्या गाडीपाशीच येतो म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आपण लुनावर कानशी आणि कोऱ्या चाव्यांचा डबा घेऊन आलात. कुलपाला हात लावण्यापूर्वी आपण गाडीच्या मानेवर, हँडलच्या मागे कोरलेला चेसिस नंबर फडक्याने पुसून वाचलात, इंजिनवरचा नंबर वाचलात आणि दोन्ही आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अंक ताडून पाहिलेत. ते जुळले तेव्हाच डबा उघडलात. पंधरा मिनिटांत साध्या पितळी चावीला पाते घातलेत. त्या चावीने हँडलचे कुलूप उघडले, पेट्रोल टाकीचे झाकण उघडले, सीट निघाली, स्विचही फिरला आणि मीटरचे दिवे लागले. विक्रेत्याचा पोरगा "झालं की काम" म्हणाला. मग आपण मला बटण दाबायला सांगितलेत, आणि इंजिन काही सुरू झाले नाही.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत, ते मला कोणत्याही माहितीपत्रकात इतके स्पष्ट मिळाले नव्हते. खिशातून आपण एक फुटकी जुनी चावी काढलीत आणि तिच्या डोक्यातली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काचेची नळी चिमट्याने उचलून दाखवलीत. तिच्यात बॅटरी नसते. स्विचभोवती तारेचे एक वेटोळे असते, चावी आत गेली की त्या वेटोळ्याच्या लहरींवर ती नळी जागी होते आणि आपला आकडा सांगते, आणि तो आकडा इमोबिलायझरला, म्हणजे परक्या चावीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, ओळखीचा वाटला तरच गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजिन चालू होऊ देतो. पाते कितीही बिनचूक कापले तरी त्याने फक्त कुलूप फिरते. चाळीस रुपये घेऊन आपण ती पितळी चावी माझ्या हातावर ठेवलीत. पाचशेच्या डुप्लिकेटचा सगळा मामला मला त्या चाळीस रुपयांत कळला.

विक्रेत्याच्या पोराने मग दुसरी वाट सुचवली. ईसीयू उघडून त्यातला इमोबिलायझरच कायमचा बंद करून देणारा एक जण त्याच्या ओळखीचा होता. आपला आवाज मी तेवढ्या एकाच वेळी चढलेला ऐकला. चोरीच्या गाडीलाही लोक हेच करतात, आणि उद्या कोणी तपासायला उभे राहिले तर ही गाडी आपली आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार, असे आपण मला विचारलेत. त्याच्याकडे पाहिलेही नाहीत. असे काम करून देणाऱ्याला या शहरात गिऱ्हाइकांची कमतरता नसावी, आणि आपल्याला ते जमत नव्हते असेही मला वाटत नाही.

"लाल चाबी कुठं हाये?" हा आपला पुढचा प्रश्न. तोवर मला लाल चावी नावाची वस्तू असते हेच माहीत नव्हते. यामाहाच्या या पद्धतीत नव्या गाडीबरोबर तीन चाव्या येतात: रोज वापरायच्या दोन काळ्या डोक्याच्या, आणि एक लाल डोक्याची, जिच्यामुळे काळ्या चाव्यांचे आकडे गाडीत नव्याने नोंदवता येतात. लाल हरवली तर हाती असलेल्या काळ्या चावीवर गाडी चालत राहते, पण नवी काळी चावी नोंदवता येत नाही. आणि सगळ्याच हरवल्या तर संपूर्ण इमोबिलायझर यंत्रणा बदलावी लागते. माझ्याजवळची एकमेव काळी चावी फुटाळा तलावाच्या पाण्यात पडली असती, तर मला ईसीयू, इमोबिलायझर आणि मुख्य स्विच असा सगळा संच घ्यावा लागला असता, म्हणजे स्वस्तात घेतलेली गाडी कितीला पडली असती ते मी नंतर कागदावर मांडून पाहिले आणि कागद फाडून टाकला. अधिकृत सेवाकेंद्रात फोन केला, तेव्हा त्यांनीही आपल्यासारखेच सांगितले. होंडाच्या पद्धतीत तर चारपर्यंत चाव्या नोंदवता येतात, पण एकही उरली नाही तर तिथेही गाडीचा संगणकच बदलावा लागतो, हे मला तिथल्याच एका तंत्रज्ञाने ऐकवले.

विक्रेत्याला लाल चावीबद्दल काहीच माहिती नव्हती. त्याने गाडी दुसऱ्या एका दलालाकडून घेतली होती आणि मधल्या काळात कोणीही ती आपल्या नावावर करून घेतली नव्हती. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरत होती. आरसीवरच्या माणसाच्या घरी जाऊन या, एवढेच आपण म्हणालात. मी आढेवेढे घेतले. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन काय विचारायचे? "चाबी मागायची, अन् सही पुन्हा घ्यायची," असे आपले उत्तर होते.

तो पत्ता त्रिमूर्तीनगरातला निघाला. मूळ मालक नोकरीनिमित्त पुण्याला असतात. घरी त्यांची आई होती. मी चाचरत विषय काढला, तेव्हा त्या आत गेल्या आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून हळदीकुंकवाची एक जुनी डबी घेऊन आल्या. तिच्यात गुलाबी कागदात गुंडाळलेली लाल डोक्याची चावी होती, सोबत चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी. गाडी नवी आली तेव्हा "ही जपून ठेवा, रोज वापरू नका" असे शोरूममध्ये सांगितले होते, म्हणून माउलीने ती इतकी जपली की गाडी विकतानाही कोणी तिचे नाव काढले नाही. दलालानेही विचारले नव्हते. मी त्यांच्या पाया पडलो. आपल्याला फोन केला, तर आपण एवढेच विचारलेत की आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहिले का.

बोजा होता. कर्ज केव्हाच फिटले होते, पण नोंद उतरवलेली नव्हती, त्यामुळे बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मिळेपर्यंत काम थांबले. त्या माउलीचे चिरंजीव सुटीला आले, तेव्हा जुन्या कोऱ्या सह्यांचे कागद आम्ही बाजूला ठेवले आणि माझे नाव, तारीख आणि चेसिस नंबर घालून फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 नव्याने भरून घेतले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत, हे मला आधी माहीत नव्हते. गिरीपेठेतल्या आरटीओमध्ये माझ्या तीन खेपा झाल्या. एमएच 31 ची ती गाडी आता माझ्या नावावर आहे, विमाही माझ्या नावावर वळवून घेतला आहे. तिथल्या रांगांविषयी लिहायला बसलो तर आपले आभार बाजूला राहतील.

चिप असलेली नवी काळी चावी सेवाकेंद्रामार्फत मागवली, तिचे पाते मात्र आपल्याच हाताने कापून घ्यायचे हे मी मनाशी ठरवले होते. नोंदणी सेवाकेंद्रात झाली: आधी लाल चावी फिरवून काढायची, आणि मग काही सेकंदांच्या आत जुनी आणि नवी अशा दोन्ही काळ्या चाव्या ओळीने. दोन्ही एकाच बैठकीत नोंदवाव्या लागतात, हे आपण मला आधीच बजावले होते, म्हणून घासलेली चावी मी घरी विसरलो नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी गाडी माझ्या अंगणात बंद पडली आणि मीटरवर 52 हा आकडा आला, तेव्हा मी घाबरून आपल्याला भर दुपारी उठवले, त्याबद्दल क्षमा असावी. आपण जांभई देत विचारलेत, "कारची चाबी त्याच कडीत हाये का?" होती. दोन चाव्यांचे आकडे एकमेकांत मिसळत होते. कडी वेगळी केली आणि गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली.

दुसऱ्या चावीची किंमत मला आणखी एका ठिकाणी कळली. विम्याचे काम करणाऱ्या माझ्या मित्राने सांगितले की, गाडी चोरीला गेल्यावर दावा करायचा झाला तर कंपन्या मूळ चाव्या मागतात, आणि एखादी कमी असली की प्रश्न सुरू होतात. आपण हे बोलला नव्हतात, पण दोन्ही काळ्या चाव्यांचा आणि लाल चावीचा एकत्र फोटो काढून ठेवा असे सांगितले होतेत, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. तो फोटो आता विम्याच्या कागदांबरोबर आहे. लाल चावी आईच्या कपाटात ठेवली आहे, आणि तिच्या पट्टीवरचा क्रमांक मी वेगळ्या वहीत उतरवून घेतला आहे.

या सगळ्यात आपल्याला मिळाले काय, तर पितळी चावीचे चाळीस रुपये आणि नव्या चावीचे पाते कापण्याची मजुरी. वर्धा रोडला येण्याजाण्याच्या पेट्रोलचेही पैसे आपण घेतले नाहीत. लुनाच्या मागच्या टायरची अवस्था मी त्या दिवशी पाहिली होती. नवा टायर आणून ठेवला आहे, तो बसवून घ्यायला तरी नाही म्हणू नका. पितळी चावी माझ्याकडेच राहील, कारण पेट्रोल पंपावर टाकीचे झाकण उघडायला मी तीच वापरतो.

आपला,
चाळीस रुपयांच्या चावीचा गिऱ्हाईक,
नागपूर